राजधानीचे स्पेलिंग

युक्रेनच्या राजधानीचे, म्हणजे कीव्हचे, नाव इंग्रजीत दोन प्रकारे लिहिलेले आढळते आणि त्या दोहोंतला फरक मधल्या दोन अक्षरांपुरताच आहे. जुन्या लेखनात के, आय, ई, व्ही अशी अक्षरे येतात, तर नव्या लेखनात के, वाय, आय, व्ही. इंग्रजी अहवाल, पत्रव्यवहार आणि भाषांतरित कागदपत्रे तपासून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे ही दोन अक्षरे बदलण्याचे काम गेल्या काही वर्षांत माझ्याकडे वारंवार येते आणि समोरची व्यक्ती बहुतेक वेळा विचारते, की मग खरा उच्चार कोणता? प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु मुद्दा उच्चाराचा नाही असे माझे मत आहे. गावाच्या नावाचे स्पेलिंग बरोबर की चूक हे केवळ उच्चाराच्या जवळिकीवरून ठरत असते, तर आपल्या स्वतःच्या राजधानीचे नाव इंग्रजीत आज जसे लिहिले जाते तसे राहिलेच नसते. त्याविषयी पुढे लिहितो. आधी ती चार अक्षरे नीट पाहू.

युक्रेनी भाषेत हे नाव सिरिलिक लिपीतल्या चार अक्षरांनी लिहितात. पहिले ‘क’ आणि शेवटचे ‘व’, एवढ्यावर कोणाचाच वाद नाही. दुसरे अक्षर दिसायला उलट्या बाजूने काढलेल्या रोमन ‘एन’सारखे आहे. ते रशियन वर्णमालेतही आहे, पण रशियनमध्ये त्याचा उच्चार सरळ ‘इ’ असा होतो आणि युक्रेनीमध्ये ‘इ’ आणि ‘ए’ यांच्या मधला एक आखूड स्वर ऐकू येतो. तिसरे अक्षर म्हणजे रोमन ‘आय’च्या डोक्यावर एकाऐवजी दोन टिंबे. त्याचा उच्चार ‘यि’ असा आहे आणि रशियन वर्णमालेत ते अक्षर मुळीच नाही. रशियन लेखनात या जागी ‘ये’ हे अक्षर येते. युक्रेन सरकारने २०१० साली मंजूर केलेल्या लिप्यंतराच्या तक्त्यानुसार दुसऱ्या अक्षरासाठी वाय आणि शब्दाच्या आत आलेल्या तिसऱ्या अक्षरासाठी आय लिहायचे असते. म्हणजे नवे इंग्रजी स्पेलिंग हे युक्रेनी लेखनाचे अक्षराला अक्षर असे लिप्यंतर आहे आणि जुने स्पेलिंग रशियन लेखनाचे. शेवटच्या ‘व’चीही एक गंमत आहे. रशियन माणूस तो ‘फ’सारखा उच्चारतो आणि युक्रेनी माणूस ‘उ’कडे झुकवतो, पण इंग्रजीत दोन्हीकडे व्हीच लिहिला जात असल्यामुळे हा फरक स्पेलिंगमध्ये उतरत नाही. जपानी लिपीला ही सवलत नव्हती. २०२२ सालच्या मार्चअखेरीस जपान सरकारने या शहराचे जपानी नाव ‘किएफु’वरून ‘कीऊ’ असे बदलले, तेव्हा मधले स्वर आणि शेवटचे व्यंजन अशा दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या.

युक्रेनी आणि रशियन रूपांत हा फरक का पडला, याचे कारण मला स्पेलिंगच्या वादापेक्षाही अधिक रंजक वाटते. युक्रेनी भाषेत व्यंजनाने मिटलेल्या अवयवातले (म्हणजे शब्दाच्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यातले) जुने ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर कालांतराने ‘इ’ झाले, पण प्रत्यय लागून तो अवयव उघडा झाला की जुना स्वर तसाच राहिला. त्यामुळे ल्विव्ह हे नाव षष्ठीत ल्वोवा होते, खारकिव्हचे खारकोवा होते आणि राजधानीच्या नावातला ‘यि’ जाऊन तिथे ‘ये’ येतो. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपण नाशिकला राहतो असे म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात नाशकात पाऊस आहे असे म्हणतो आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. म्हणजे रशियन नावात ऐकू येणारा ‘ये’ युक्रेनी भाषेला परका नाही. फक्त प्रथमेच्या रूपात, जे नकाशावर आणि पाटीवर लिहितात, तिथे तो नाही.

नावाची मूळ कथाही दोन्ही भाषांची सामाईक आहे. बाराव्या शतकातल्या जुन्या बखरीत क्यी, श्चेक आणि खोरिव हे तीन भाऊ आणि त्यांची बहीण लिबिद यांनी द्नीप्रो नदीकाठच्या टेकड्यांवर हे नगर वसवल्याची आणि थोरल्या भावाच्या नावावरून त्याला नाव दिल्याची दंतकथा आहे. सोव्हिएत राजवटीत १९८२ साली शहराची पंधराशे वर्षे साजरी झाली, तेव्हा नदीकाठी या चौघांचे शिल्प उभारले गेले. होडीत उभे तीन भाऊ आणि पुढे हात पसरलेली बहीण, असे ते शिल्प आहे. ९८८ साली व्होलोदिमिर राजाने इथे ख्रिस्ती धर्म आणला, अकराव्या शतकात सोफिया कॅथीड्रल उभे राहिले आणि १२४० साली मंगोलांनी शहर उद्ध्वस्त केले. त्या काळच्या लेखनात नावाचे जे रूप आढळते त्यातूनच पुढे आजची रशियन आणि युक्रेनी अशी दोन्ही रूपे निघाली. म्हणूनच जुने इंग्रजी स्पेलिंग ही मॉस्कोने रचलेली खोटी बाब आहे, असे जे उत्साहाच्या भरात म्हटले जाते ते मला पटत नाही. ते रूपही शहराइतकेच खरे आणि जुन्या मुळाचे आहे, आणि कीव्हमध्ये घरी रशियन बोलणारी कितीतरी कुटुंबे रशियन बोलताना तेच वापरत आली आहेत. पोलिश भाषेत तर शहराला तिसरेच, स्वतःचे जुने नाव आहे आणि ते आजही वापरात आहे.

प्रश्न येतो तो यांपैकी एकच रूप इंग्रजीत कसे पोहोचले याचा. सतराव्या शतकाच्या मध्यापासून शहर मॉस्कोच्या ताब्यात गेले आणि पुढे रशियन साम्राज्याचा भाग झाले. १८६३ सालच्या एका परिपत्रकाने युक्रेनी भाषेतल्या बहुतेक छपाईवर निर्बंध आणले. १८७६ साली झार दुसरा अलेक्झांडर जर्मनीतल्या एम्स या गावी असताना त्याने काढलेल्या फर्मानाने ते आणखी आवळले, इतके की बाहेर छापलेली युक्रेनी पुस्तके देशात आणणेही बंद झाले. अशा काळात इंग्रज प्रवासी, नकाशाकार आणि मुत्सद्दी यांच्या हाती जे कागद पडत ते रशियन असत आणि त्यांतूनच नाव उचलले जाई. सोव्हिएत काळात युक्रेनी भाषेला सरकारदरबारी जागा मिळाली, तरी १९३३ साली तिच्या वर्णमालेतून ‘ग’चे एक अक्षर काढून टाकले गेले आणि ते १९९० सालीच परत आले. बाहेरच्या जगाशी होणारा व्यवहार तेव्हाही मुख्यतः रशियनमधूनच चालत असे.

१ ऑगस्ट १९९१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश या शहरात आले आणि त्यांनी युक्रेनच्या संसदेपुढे बोलताना ‘आत्मघाती राष्ट्रवादा’विरुद्ध इशारा दिला. स्तंभलेखक विल्यम सफायर यांनी त्या भाषणाला ‘चिकन कीएव्ह’ या कोंबडीच्या प्रसिद्ध पदार्थाचे नाव चिकटवले. त्या पदार्थाच्या नावात हे शहर आहे आणि इंग्रजीत ‘चिकन’ म्हणजे भित्राही. तेवीस दिवसांनी, २४ ऑगस्टला, युक्रेनने स्वातंत्र्य जाहीर केले आणि १ डिसेंबरच्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्याला कौल दिला.

नवे स्पेलिंग आले ते १९९५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात. कायदेविषयक परिभाषेसाठी नेमलेल्या युक्रेनच्या सरकारी आयोगाने ठरवले की अधिकृत इंग्रजी कागदपत्रांत राजधानीचे नाव यापुढे के, वाय, आय, व्ही असे लिहावे. याच वर्षी आपल्याकडे मुंबईचे इंग्रजी नाव अधिकृतपणे बदलले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण त्यांतले साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. मराठीत मुंबई ही आधीही मुंबईच होती आणि युक्रेनी भाषेतही राजधानीचे नाव तसूभर बदलले नव्हते. दोन्हीकडे बदलले ते परभाषेतले लेखन. कझाकस्तानच्या राजधानीची गोष्ट वेगळी आहे, कारण अस्तानाचे २०१९ साली नूर-सुलतान झाले आणि २०२२ साली पुन्हा अस्ताना झाले, तेव्हा तिथल्या रहिवाशांनाही घरचा पत्ता बदलून लिहावा लागला. या दोन प्रकारांची गल्लत करून ‘युक्रेनने राजधानीचे नाव बदलले’ असे लिहिलेली वाक्ये माझ्यासमोर आजही येतात आणि मी ती आवर्जून दुरुस्त करतो.

मुंबईचे नवे नाव जगभरच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी काही वर्षांत स्वीकारले. कीव्हच्या वाट्याला मात्र जवळजवळ पाव शतकाची प्रतीक्षा आली. इंग्रजीला तिचे नियम ठरवणारी अकादमी नाही. वृत्तसंस्था, वर्तमानपत्रे आणि प्रकाशनसंस्था यांच्या आपापल्या लेखनपुस्तिका असतात आणि त्या एकमेकींकडे पाहत हळूहळू बदलतात. अमेरिकेच्या भौगोलिक नावांच्या मंडळाने २००६ साली नव्या स्पेलिंगला जुन्याच्या जोडीने मान्यता दिली, आणि २०१९ सालच्या जूनमध्ये जुने यादीतून काढून टाकले. मधल्या काळात, २०१४ साली रशियाने क्रिमियाचा ताबा घेतल्यानंतर, युक्रेनमध्ये या प्रश्नाची धार वाढली होती आणि २०१८ सालच्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाने नव्या स्पेलिंगसाठी समाजमाध्यमांवर उघड मोहीमच सुरू केली. परदेशी विमानतळांवरच्या फलकांची छायाचित्रे काढून त्या त्या विमानतळाला जाहीर विनंती करायची, अशी तिची पद्धत होती. त्यानंतर एकेक दार उघडत गेले. २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेस, ऑक्टोबरमध्ये बीबीसी, नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्स, आणि अनेक वर्षे चर्चा फेटाळत आलेल्या इंग्रजी विकिपीडियाने २०२० सालच्या सप्टेंबरमध्ये लेखाचे शीर्षक बदलले. २०२२ साली रशियाचे मोठे आक्रमण झाले तेव्हा इंग्रजी जगातला हा बदल बव्हंशी उरकलेला होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते. युद्धामुळे स्पेलिंग बदलले असे आज सर्रास म्हणतात. युद्धाने ते घरोघरी पोहोचवले, इतकेच.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. मॉस्कोला रशियन लोक मस्कवा म्हणतात, वॉर्सॉला पोलिश लोक वर्शावा म्हणतात, व्हिएन्नाला तिथले लोक वीन म्हणतात. त्यांच्यासाठी कोणी इंग्रजीला वेठीला धरत नाही, मग कीव्हचेच एवढे काय? पहिला फरक असा, की ती नावे इंग्रजीची स्वतःची, तिच्या तोंडात वळलेली आहेत. कीव्हचे जुने स्पेलिंग हे इंग्रजीने घडवलेले रूप नव्हते. ते एका तिसऱ्या भाषेतून, राज्यकर्त्यांच्या भाषेतून, जसेच्या तसे उतरलेले होते. दुसरा फरक माझ्या लेखी अधिक महत्त्वाचा आहे. त्या देशांनी मागणी केलेली नाही आणि युक्रेनने केली आहे, तीही सार्वभौम देश म्हणून, रीतसर निर्णय घेऊन. चीनने १९७९ सालापासून आपल्या इंग्रजी बातम्यांत पीकिंगऐवजी बेजिंग लिहायला सुरुवात केली आणि जगाने ते काही वर्षांत मान्य केले, तेव्हाही उच्चाराचा कस कोणी लावत बसले नव्हते.

आपल्या राजधानीचे उदाहरण इथे उपयोगी पडते. दिल्ली या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच ज्या जागी बसला आहे तिथे तो का आहे हे उच्चारावरून सांगता येणार नाही, आणि त्यात एल एकच आहे. शिवाय देशाची अधिकृत राजधानी ‘नवी दिल्ली’ असली, तरी तिचे अधिकृत इंग्रजी नाव ‘न्यू’ने सुरू होते, म्हणजे अर्धे भाषांतर आणि अर्धे लिप्यंतर, आणि तेही सदोष. पण भारताने ते बदलण्याचा निर्णय घेतलेला नाही. म्हणून जो परदेशी पत्रकार आपणहून ‘डी, आय, एल, एल, आय’ असे लिहील त्याचे लेखन उच्चाराला जवळ असूनही चूकच ठरेल. हाच न्याय कीव्हला लावला की उलट बाजूने तेच उत्तर येते. तिथे नाव ज्यांचे आहे त्यांनी निर्णय घेतलेला आहे, आणि इंग्रजी जिभेला ते चार अक्षरांचे नाव नेमके वळते की नाही, हा नंतरचा प्रश्न आहे. इंग्रजी बातम्यांत आता ऐकू येणारा ‘कीव्ह’ हा एकाक्षरी उच्चार युक्रेनी कानाला पुरता बरोबर वाटत नाही, तरी त्याबद्दल फारशी तक्रार होत नाही.

नवे स्पेलिंग मान्य केल्यावरही जुने कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतोच, आणि प्रत्यक्ष कामात तोच अधिक वेळ घेतो. सोव्हिएत काळात तिथे वैद्यकीय शिक्षण घेऊन आलेल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांची कागदपत्रे माझ्याकडे आली होती. पदवीच्या प्रमाणपत्राला जोडलेल्या तेव्हाच्या इंग्रजी प्रतीवर जुने स्पेलिंग होते; नव्याने भरायच्या अर्जात देश आणि शहर निवडण्याच्या यादीत फक्त नवे होते. त्यांच्या चिरंजीवांचे म्हणणे असे, की आपण नवी प्रत तयार करतोच आहोत, तर सगळीकडे एकसारखे करून टाकू. मी तसे केले नाही. प्रमाणपत्रावर संस्थेचे नाव ज्या अक्षरांत छापले आहे त्याच अक्षरांत ते प्रतीत राहायला हवे, अर्जात आजचे नाव यायला हवे, आणि दोन्ही एकाच शहराची नावे असल्याचा एका ओळीचा खुलासा तळाशी द्यायला हवा. चिरंजीवांना हा उगाच घोळ वाटला. डॉक्टरसाहेबांना मात्र वाटला नाही, त्यांनी मान डोलावून सही केली. जुन्या ग्रंथांची शीर्षके आणि मूळ उताऱ्यांतले शब्द यांनाही मी हाच नियम लावतो. विमानतळांच्या सांकेतिक अक्षरांत जुने नाव अजून आहे, शहरातल्या जुन्या विमानतळाचा संकेत आय, ई, व्ही असाच आहे, आणि मुंबईच्या विमानतळाचा बी, ओ, एम. असे संकेत बदलणे खर्चाचे आणि गोंधळाचे असते, त्यामुळे त्यांच्यावरून कोणी निष्कर्ष काढू नयेत. त्या कोंबडीच्या पदार्थासाठी असोसिएटेड प्रेसने शहराचे स्पेलिंग बदलतानाच जुने कायम ठेवले. ब्रिटनमधल्या काही दुकानांनी २०२२ साली वेष्टनावरही नवे छापायला घेतले. मला पहिला पक्ष पटतो, कारण पदार्थाचे नाव हे शहराचे नाव राहिलेले नसते.

मराठीतली अडचण आणखी निराळी आहे. आपण परदेशी नावे बहुधा इंग्रजीतून घेतो आणि देवनागरी उच्चाराला बांधलेली असल्यामुळे स्पेलिंग बदलले की आपल्याकडे काय बदलायचे ते कळत नाही. २०२२ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ऑपरेशन गंगा’तून भारतीय विद्यार्थ्यांना परत आणले जात होते, त्यांत महाराष्ट्रातलेही पुष्कळ होते, त्या दिवसांत मराठीत कीव, किव, कीव्ह, क्यीव अशी सगळी रूपे वाचायला मिळत. नुसते ‘कीव’ लिहिले की ‘कीववर हल्ला’ यासारखे मथळे क्षणभर भलताच अर्थ देतात, कारण कीव हा आपला स्वतःचा, रोजच्या वापरातला शब्द आहे. ‘क्यीव’ हे इंग्रजी वाय डोळ्यांसमोर ठेवून केलेले रूप आहे, आणि त्याने युक्रेनी उच्चार अधिक जवळ येतो असे नाही. अक्षरशः जवळ जायचे तर ‘कियिव’ लिहावे लागेल, पण ते वाचकाला ओळखू येणार नाही. मी ‘कीव्ह’ लिहितो. तो उच्चाराचा विजय नाही, पण गोंधळ होत नाही आणि जुन्या ‘कीएव्ह’पासून तो वेगळा राहतो.

उरलेल्या शहरांचे काम अजून चालू आहे. खारकिव्ह आणि ल्विव्ह यांची युक्रेनी रूपे इंग्रजीत रुळली. ओडेसाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला दुसरा एस गळाला. युनेस्कोने २०२३ सालच्या जानेवारीत त्या शहराच्या जुन्या भागाला जागतिक वारसा म्हणून घोषित केले ते एकाच एसने, मराठीत अर्थातच काही बदलावे लागले नाही. रशियाच्या ताब्यात गेलेल्या मारिउपोलमध्ये मात्र उलटे घडले, तिथल्या वेशीवरच्या फलकावर युक्रेनी अक्षर काढून त्या जागी रशियन अक्षर बसवण्यात आले. सर्वांत अवघड आहे ते १९८६ सालच्या अणुदुर्घटनेचे गाव. त्याचे युक्रेनी नाव चोर्नोबिल आहे, पण जगाच्या तोंडी चेर्नोबिल बसले आहे आणि दुर्घटनेचे नाव म्हणून ते लवकर सुटेल असे दिसत नाही. सध्या माझ्या हाताखालून जाणाऱ्या मजकुरात मी दुर्घटनेला जुने नाव राहू देतो, आजच्या गावाला आणि तिथल्या कार्यालयांना नवे लिहितो, आणि दोन्ही एकाच पानावर आली तर पहिल्या ठिकाणी तळटीप टाकतो. काही संपादकांना ही तळटीप नको असते. त्यांच्याशी मी वाद घालतो.